थूल मॅडम आणि बेचाळीस वह्या

वर्गात शिरल्यावर थूल मॅडम आधी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवायच्या. तास संपेपर्यंत ते हात सहसा पुढे येत नसत. देवळीजवळच्या त्या शाळेचा मी तेव्हा मुख्याध्यापक होतो. व्हरांड्यातून जाताना खिडकीतून डोकावलो, की मुलं टेबलाभोवती गर्दी करून काहीतरी जोडत, सांडत, भांडत असायची आणि बाई हात मागे बांधून, मान जराशी पुढे काढून फिरत असायच्या. पंगतीत वाढप्यांवर नजर ठेवणाऱ्या यजमानासारख्या. मला ते पटत नसे. शिक्षकाच्या हातात खडू असावा, असं माझं मत होतं. मी इतिहास शिकवायचो, आणि इतिहासात हात मागे बांधून काही होत नाही.

एकदा त्यांना विचारलंच. त्या म्हणाल्या, "सर, माझे हात लय आगाऊ आहेत. पुढं ठेवले की पोरायच्या हातातली वस्तू हिसकावून घेतात. मग प्रयोग माझा होते, त्यायचा नाई."

यंदा, सत्र संपताना, थूल मॅडम निवृत्त होताहेत. त्यांचे जुने विद्यार्थी एक पुस्तिका काढताहेत. ममता भोयर ही त्यांची एकेकाळची नववीतली विद्यार्थिनी, आता देवळीच्या एका शाळेत गणित शिकवते. तिचा मला फोन आला. "सर, तुम्ही त्यांच्या वेळचे हेडमास्तर. चार चांगले शब्द लिहून द्या."

चार चांगले शब्द मी कोणाहीबद्दल लिहू शकतो. निरोप समारंभांत आयुष्यभर तेच केलं. पण थूल मॅडमबद्दल लिहायचं तर मला स्वतःची एक वाईट गोष्ट लिहावी लागते. अठरा वर्षं ती मी कुठेही लिहिलेली नाही. ती येईलच. त्याआधी बाई कशा होत्या ते सांगतो, नाहीतर मी काय बिघडवलं ते कळायचं नाही.

त्या आमच्याकडे रुजू झाल्या तेव्हा प्रयोगशाळेच्या नावाखाली एक काचेचं कपाट होतं. त्याला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या टेबलाच्या खणात. आत चंचुपात्रं, परीक्षानळ्या, एक सूक्ष्मदर्शक. तपासणीच्या आदल्या दिवशी आमचे शिपाई भाऊरावजी ते सगळं पुसायचे आणि पुन्हा जागच्या जागी ठेवायचे. काच फुटली तर नोंदवहीत कारण लिहावं लागे, म्हणून काच फुटू नये अशी व्यवस्था मी केली होती: कोणी हातच लावायचा नाही. थूल मॅडमनी किल्ली पहिल्या आठवड्यात मागितली. मी म्हटलं, बघू. दुसऱ्या आठवड्यात मागितली. मी म्हटलं, यादी तपासायची आहे. तिसऱ्यांदा त्यांनी मागितली नाही. त्या सिमेंटचं एक पोतं भरून घेऊन आल्या, धुऊन वाळवलेलं, वर सुतळीने बांधलेलं.

त्या पोत्यात काय नव्हतं ते सांगणं सोपं. ठिबकच्या नळीचे तुकडे, फवारणीच्या पंपाचं तोंड, सायकलच्या ट्यूबचे रबर, दवाखान्यातून आणून उकळलेल्या सलाइनच्या नळ्या, बिनसुईच्या पिचकाऱ्या, गेलेले बल्ब. त्यांचे वडील पंचायत समितीत हातपंप दुरुस्त करायचे. लहानपणी त्या वडिलांच्या सायकलच्या दांड्यावर बसून गावोगाव जायच्या आणि पंपाचे वायसर बदलताना पाने-पकडी धरायच्या. "बाबा म्हणायचे, उघडल्याबिगर पंप समजत नाई," असं त्या सांगायच्या. वस्तू उघडायची ही त्यांची खोड तिथली होती. शाळेची घंटा देणारं घड्याळसुद्धा त्यांनी सातवीच्या मुलांसमोर उघडलं होतं. जोडल्यावर ते पूर्वीपेक्षा बरं चालू लागलं, एवढं मात्र मान्य करायला हवं.

पहिल्याच महिन्यात त्यांनी गेलेल्या बल्बचं बूड काढून त्यात पाणी भरलं आणि मुलांना भिंग करून दिलं. मुलांनी आधी मुंगी पाहिली, मग कापसाचा धागा, मग एकमेकांची नखं. मग वर्ग माझ्या ऑफिसात आला आणि भाऊरावजींचा अंगठा मागू लागला. भाऊरावजींनी तो दिला. बराच वेळ बल्बमधून स्वतःचा अंगठा पाहून ते म्हणाले, "सर, एवढ्या रेघा आहेत माह्या बोटाले. आन् पगाराच्या कागदावर निस्ता काळा डाग उठते." कपाटातल्या सूक्ष्मदर्शकातून भाऊरावजींनी वीस वर्षांत काही पाहिलं नव्हतं. पुसला मात्र दरवर्षी.

त्यांच्या वर्गाचे काही नियम होते. तिघांचा एक गट. त्यात एकाचे हात, एकाचे डोळे, एकाची लेखणी. ज्याचे हात, त्याने फक्त करायचं. ज्याचे डोळे, त्याने पाहून बोलायचं. ज्याची लेखणी, त्याने ऐकलं ते लिहायचं. पुढच्या तासाला कामं फिरायची. त्यामुळे हुशार मुलगा सगळं बळकावून बसलाय आणि मागच्या बाकावरची मुलगी नुसती पेन्सिल चावतेय, असं त्यांच्या तासाला दिसत नसे. वर्गात सगळ्यात दांडगी पोरं असायची, त्यांना त्या मुद्दाम आधी लेखणी द्यायच्या. "त्याचे हात रिकामे ठेवले तर खिडकी जाते," असं त्यांचं साधं कारण.

दुसरा नियम अंदाजाचा. काहीही करण्याआधी प्रत्येकाने काय होईल ते पेनाने लिहायचं. पेन्सिल चालत नसे, कारण पेन्सिल खोडता येते. प्रयोग झाल्यावर अंदाज चुकला तर त्याच्यावर काट मारायची नाही, खाली जे झालं ते लिहायचं. मुलांनी उत्तर विचारलं की त्या म्हणायच्या, "मले कायले विचारतं? मी का पाणी आहे? पाण्याले विचार." विषय पाण्याचा असेल तर पाण्याला, दोरीचा असेल तर दोरीला. सुरुवातीला मुलं हसायची. काही दिवसांनी ती खरंच दोरीशी बोलायला लागली.

तरफ शिकवताना त्यांना एक जड वस्तू हवी होती. त्यांनी मला विचारलं. माझं वजन तेव्हा अठ्ठ्याऐंशी किलो होतं.

मंडपवाल्याकडची बारा फुटांची सागाची फळी मैदानात आणली होती. मी तिच्या एका टोकावर बसायचं आणि पाचवीतल्या सोनी नावाच्या सगळ्यात किरकोळ मुलीने मला उचलायचं, असा बेत. अख्खी शाळा गोळा झाली. आधी अंदाज. बहुतेकांनी लिहिलं, सर उचलले जाणार नाहीत. भाऊरावजींनी एका पोराकडून लिहवून घेतलं, फळी तुटेल. विटा पहिल्यांदा फळीच्या मधोमध ठेवल्या. सोनी दुसऱ्या टोकाला लोंबकळली, पाय हलवले, काही झालं नाही. पोरं मला पाहून तोंडावर हात ठेवून हसू लागली.

"हासू नका. विटा कुठं ठेवाच्या ते सांगा," मॅडम म्हणाल्या.

"सरजवळ," एक पोरगा म्हणाला.

"काऊन?"

"माहीत नाई जी. पण दगड उकरताना आमचा बाप सब्बल तशीच लावते."

विटा माझ्याजवळ सरकल्या. अर्धा फूट, मग आणखी. माझ्यापासून दोन फुटांवर विटा आल्या आणि सोनी फळीच्या त्या टोकावर नुसती बसली, तसा मी वर गेलो. वीतभरच, पण गेलो. आपल्या शाळेच्या मैदानावर आपण हवेत आहोत आणि समोर चोवीस किलोची मुलगी शांतपणे वेणी चावत बसली आहे, हे दृश्य मुख्याध्यापकाने एकदा तरी अनुभवावं. मग पोरं एकदम ओरडली, सोनी घाबरून उठली आणि मी खाली आपटलो. तरफेचा तेवढा भाग मी अजून विसरलेलो नाही.

गोंधळात मॅडमचा आवाज आला, "आधी लिहा काय दिसलं ते. मग हासा."

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी फार काही म्हटलं नाही. "फुटलं तर लिहीन," एवढंच म्हणाल्या. आणि फुटलं तेव्हा खरंच लिहिलं. 'चंचुपात्र एक. तापल्यावर थंड पाणी टाकल्याने तडकले. आता सर्वांना माहीत आहे.'

सावलीची गोष्टही सांगितली पाहिजे. आपल्याकडे वर्षातून दोन दिवस असे येतात की भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. उन्हाळ्यातला दिवस सुट्टीत जातो. उरला जुलैमधला, आणि जुलैत आभाळ. तरी मॅडमनी नववीच्या मुलांना घेऊन मैदानात ओळंबा लावून एक पाइप उभा केला. रोज बारा वाजून दहा मिनिटांनी वर्ग बाहेर. माझा इतिहासाचा तास त्यात कापला जायचा. पाच दिवस मुलं पाइपभोवती गोल करून आभाळाकडे पाहत उभी राहिली आणि पाच दिवस वहीत लिहिलं, 'ढग होते. दिसलं नाही.' रोज नवीन पान.

मी म्हटलं, "मॅडम, न दिसलेलं कशाला लिहायला लावता? कागद जातो."

"सर, पाच दिवस पोट्टे उभे राह्यले ते खरं आहे ना? मग ते लिहाचं."

सहाव्या दिवशी ढग फाटले. अर्ध्या मिनिटापुरतं ऊन पडलं. पाइपच्या बुडाशी, उत्तरेच्या बाजूला, अंगठ्याएवढी सावली होती. म्हणजे दिवस हुकला होता. मला वाटलं, आता मुलं हिरमुसणार. पण मॅडम मुलांपेक्षा खूश. "सावली तिकडं पडून राह्यली म्हणजे सूर्य इकडं सरकला. म्हणजे तो काल-परवाच डोक्यावरून गेला. आपण झाकलेल्या आभाळाखाली उभे होतो तेव्हा वर तो होता." मुलं अशी नाचली की जणू त्यांनी सूर्याला चोरी करताना पकडलं होतं. ममता त्याच वर्गात होती.

आता ती दुसरी गोष्ट.

त्याच वर्षी हिवाळ्यात मॅडमनी नववीला पाणी उकळायला लावलं. पाणी किती अंशाला उकळतं ते प्रत्येक गटाने मोजायचं. बेचाळीस मुलं, चौदा गट, थर्मामीटर चार. आकडे आले ते असे: सत्त्याण्णव, साडेशहाण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. मुलांनी तेच वहीत लिहिलं. नंतर मॅडम तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला वर्ध्याला गेल्या, आणि त्याच दिवशी कागद आला की परवा तपासणी आहे.

मी नववीच्या प्रयोगवह्या मागवल्या. आकडे पाहून मला घाम फुटला. मला विज्ञानातली जी चार वाक्यं पाठ होती, त्यातलं एक हे होतं की पाणी शंभर अंशाला उकळतं. मी वर्गावर गेलो.

"पाणी किती अंशाला उकळतं?"

"शंभर," सगळे म्हणाले.

"मग वहीत हे काय?"

ममता उभी राहिली. "पुस्तकातलं पाणी शंभराले उकळते जी. आमचं सत्त्याण्णवाले उकळलं."

"वाचायला चुकलात."

"नाई सर. आम्ही थर्मामीटर बर्फात ठेवून पाह्यला. बर्फगोळेवाल्याकडून बर्फ आणलता. तिथं शून्याच्या खाली दोन दाखवते. म्हणजे तो दोन अंश कमीच सांगते. ते दोन मिळवले तर नव्व्याण्णव होते."

"आणि उरलेला एक?"

"तो नाई सापडला. मॅडम म्हणाल्या, मी आल्यावर शोधू, तोवर डोकं लावून ठेवजा."

नववीच्या पोरांनी यंत्राची चूक शोधून काढली होती आणि आता ती एका अंशाच्या मागावर होती. पुढे कोणीतरी मला समजावलं की देवळी समुद्रापासून उंचावर असल्यामुळे इथे पाणी थोडं आधी उकळतं. म्हणजे मुलं बरोबर होती, अंशाअंशाने बरोबर होती. पण त्या दुपारी मला फक्त तपासणी दिसत होती. मी म्हटलं, ती पानं काढा आणि मी सांगतो तसं नवीन पानावर लिहा. मी फळ्यापाशी उभा राहून तक्ता सांगितला. वाचन पहिलं, शंभर. वाचन दुसरं, शंभर. वाचन तिसरं, शंभर. पाऊण तासात बेचाळीस वह्या झाल्या. वर्गात चिटपाखराचा आवाज नव्हता. इतकी शिस्त मी त्या वर्गात कधी पाहिली नव्हती आणि मला बरं वाटलं, हेही कबूल करतो. ममता लिहीत नव्हती. तिने लिहीपर्यंत मी तिच्या बाकाशी उभा राहिलो.

तपासणीला आलेले अधिकारी भौतिकशास्त्राचे निघाले. त्यांनी पाच-सहा वह्या उलटल्या, मग आणखी पाच-सहा, आणि चष्मा काढला. "बेचाळीस मुलं, चार थर्मामीटर, आणि प्रत्येकाचं अगदी शंभर? एक मुलगा नव्व्याण्णव म्हणत नाही, एक एकशे एक म्हणत नाही. हे प्रयोग झालेलेच नाहीत हो. वह्या उतरवून घेतल्या आहेत. विज्ञान कोण शिकवतं?"

"थूल मॅडम," मी म्हणालो. आणि तिथेच थांबलो.

शेरा आला: 'प्रयोग न घेता नोंदी करून घेतल्या.' त्या गावात ज्या एका बाईने प्रयोग घेतल्याशिवाय एक ओळ लिहू दिली नाही, तिच्यावर.

मॅडम परतल्या तेव्हा माझ्या ऑफिसात पोचण्याआधीच त्यांना सगळं कळलं होतं. बेचाळीस तोंडं होती. त्या समोर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

"वह्या तुम्ही बदलवल्या, सर?"

"शाळेच्या भल्यासाठी केलं, मॅडम."

"तसं लिहून देता?"

मी म्हटलं, पाहतो. संस्थेतल्या एकाने त्यांना सुचवलं की मुलांचे जबाब लिहून घ्या, प्रकरण मिटेल. त्यांनी नकार दिला. "पोरायले साक्षीले नाई उभं करत मी. त्यायले याच शाळेतून दहावी काढाची आहे." त्यांनी खुलासा दिला तो तीन ओळींचा. प्रयोग घेतले होते. वह्यांतील आकडे माझ्या अनुपस्थितीत बदलले गेले. कोणी बदलले, ते मुख्याध्यापक सांगू शकतील.

तो खुलासा माझ्या शिफारशीने वर जायचा होता. मी त्याखाली लिहिलं, 'याबाबत मला काही माहिती नाही.' सही केली, शिक्का मारला. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि ती मला स्वच्छ हवी होती.

त्या वर्षी आदर्श शिक्षक म्हणून संस्था त्यांचं नाव पाठवणार होती, ते पाठवलं गेलं नाही. सत्र संपल्यावर त्यांची बदली संस्थेच्या वडनेरच्या शाळेत झाली. देवळीचं घर सोडून त्या तिकडे गेल्या. जाताना सिमेंटचं पोतं सायकलवर बांधून भाऊरावजींनी स्टँडपर्यंत पोचवलं. मी त्या दिवशी रजा टाकली होती.

ममताचा फोन आल्यावर मी आधी पत्र लिहिलं. संस्थेला आणि शिक्षण विभागाला, की तो शेरा चुकीचा आहे आणि मॅडम निवृत्त होण्याआधी त्यांच्या कागदांतून तो काढावा. छान लिहिलं होतं. 'श्रीमती वंदना थूल या अत्यंत निष्ठावान, प्रामाणिक व विद्यार्थिप्रिय शिक्षिका असून त्यांच्यावर नकळत अन्याय झाला आहे', असं दीड पान. ते घेऊन फेब्रुवारीत मी नालवाडीच्या घरून निघालो, वर्ध्याहून हिंगणघाट, तिथून वडनेर. वाटेत पत्र दोनदा वाचलं. मला ते आवडलं होतं.

मॅडम शाळेच्या मैदानावर होत्या. केस पांढरे झाले होते, चष्मा आला होता. आठवीची मुलं प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून तिला रबरी बूच बसवत होती, बुचातून सायकलचा पंप जोडला होता, हवा भरली की बाटली रॉकेटसारखी उडावी म्हणून. मला पाहून त्या थबकल्या. मग मुलांना म्हणाल्या, "मी आल्याबिगर हवा भरू नका," आणि मला व्हरांड्यात बाकावर नेऊन बसवलं. पाणी दिलं. घरच्यांची विचारपूस केली. मला ती विचारपूस सहन होईना, म्हणून मी पत्र पुढे केलं.

त्यांनी ते सावकाश वाचलं. लाल पेन काढलं.

"सर, 'निष्ठावान' कापा. 'प्रामाणिक' पण कापा. हे तुमचं मत आहे. तुम्ही पाह्यलं काय, केलं काय, ते यात कुठंच नाई." त्यांनी आणखी एका शब्दाभोवती गोल केला. "आणि हे 'नकळत' कोणाच्या नकळत?"

गोल केलेला शब्द त्यांनी माझ्यासमोर धरला.

"माझ्या नकळत झालं, बरोबर आहे. मी वर्ध्याले होती. पण तुमच्या?"

"माझ्या नाही," मी म्हणालो.

"मग काढा तो शब्द."

त्यांनी मला मुलांच्या प्रयोगवहीचा एक कोरा कागद दिला. मी बाकावर वाकून लिहू लागलो. त्या शेजारी उभ्या होत्या, कागदाकडे न पाहता. थोड्या वेळाने मी विचारलं, "मॅडम, राग होता?"

"होता ना. दोनेक वर्षं होता. देवळीची आठवण आली की यायचा. तुम्हाले चार शिव्या देत भाजी चिरत जाऊ." त्या जराशा हसल्या. "मग इथले पोट्टे अंगावर आले, टाइम नाई राह्यला."

"मी माफी मागायला आलो होतो."

"मागा ना. ती तुमची गोष्ट आहे. पण मी माफ केलं असं त्या पुस्तिकेत लिहू नका. ते मी अजून बोलली नाई."

म्हणून लिहीत नाही.

पत्र झालं ते असं: 'नववीच्या बेचाळीस विद्यार्थ्यांनी प्रयोग केले होते व खरे आकडे लिहिले होते. श्रीमती थूल गैरहजर असताना मी स्वतः ती पानं काढायला लावून सर्व वह्यांत शंभर अंश लिहवून घेतले. तपासणी अधिकाऱ्यांना मी हे सांगितले नाही. श्रीमती थूल यांच्या खुलाशाखाली मला माहिती नाही असे मी लिहिले, ते खोटे आहे.' मॅडमनी वाचलं. एका ठिकाणी अनुस्वार राहिला होता, तो दिला. "आता झालं. सही करा, तारीख टाका," म्हणाल्या. दोन्ही प्रती दुसऱ्याच दिवशी मी स्वतः नेऊन दिल्या. शेरा निघेल की नाही ते मला अजून कळलेलं नाही. ममता, निदान इथला मजकूर कापू नकोस.

त्या दिवशी मी सही करतोय तेवढ्यात मैदानातून फट्कन आवाज झाला. कोणीतरी हवा भरलीच होती. बाटली तिरपी सुटली, व्हरांड्याच्या पत्र्यावरून गेली, आणि तिच्यातलं निम्मं पाणी तिला पाहायला धावत बाहेर पडलेल्या मॅडमच्या डोक्यावर आलं. पोरं जागच्या जागी थिजली. मॅडमनी चष्मा काढून पदराला पुसला, तो पदरही ओलाच होता.

"कोणाचे हात होते?"

एक हात वर झाला.

"कुठं गेली ते कोणी पाह्यलं?"

"रस्त्यापलीकडं, मॅडम. हरभऱ्यात."

"चला मग," त्या म्हणाल्या, आणि मला, "सर, तुमची हिंगणघाटची गाडी येईल आता. फाट्यावर उभे राहा, येजा पुन्हा."

मी फाट्यावर पोचलो आणि बस आली. खिडकीपाशी बसलो. पलीकडच्या वावरात दोन मुली कुंपणाची तार वर उचलून धरून उभ्या होत्या आणि निवृत्तीला दोन महिने उरलेल्या थूल मॅडम कासोटा खोचून तिच्याखालून वाकून जात होत्या. आत गेल्यावर त्यांनी मुलांची ओळ लावली, एकेकाला एकेक सरी दिली आणि स्वतःही एक घेतली. हरभरा गुडघ्याएवढा होता. त्या झाडं बाजूला सारत, एकेक पाऊल पाहून टाकत, काहीतरी बडबडत पुढे चालल्या होत्या. बस हलली तेव्हा बाटली अजून सापडलेली नव्हती.